डाव्या हाताची काट

मंडळी, निवृत्तीनंतर हात रिकामे राहू नयेत म्हणून ज्या गोष्टी शिकलो, त्यांच्याविषयी मी या सदरात लिहीत असतो. खुर्चीला वेत विणणं झालं, हार्मोनियमच्या भात्याला ठिगळ लावणं झालं. यावेळची विद्या मात्र कुणाच्या काडीच्या उपयोगाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पत्त्यांची अख्खी गड्डी डाव्या हातात धरायची, उजव्या हाताला सुट्टी द्यायची, आणि त्या एकाच हाताच्या बोटांनी वरचा निम्मा भाग खाली, खालचा वर करायचा. बस्स, एवढंच. याने पत्ते पिसलेसुद्धा जात नाहीत. गड्डी शंभर वेळा काटली तरी पत्त्यांचा क्रम तोच राहतो, फक्त सुरुवात बदलते. राजवाड्याभोवती चक्कर मारायला कुठूनही निघा, दुकानं त्याच क्रमाने येणार, तसंच हे.

(पुण्या-मुंबईचे वाचक 'गड्डी' वाचून हसतील. ते 'कॅट' म्हणतात. आमच्या इंदुरात हिंदीचा शेजार आहे, त्यामुळे घरात आजी 'पिसा' म्हणायची आणि गल्लीतली पोरं 'फेंटा'. दोन्ही कानाला सवयीचं आहे.)

इंग्रजीत या प्रकाराला 'चार्लियर कट' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये चार्लियर नावाचा एक वयस्कर, काहीसा गूढ पत्तेबहाद्दर होता, त्याचं नाव याला चिकटलं. एका हाताने पत्ते काटण्याच्या पुष्कळ तऱ्हा आहेत, त्यातली ही सगळ्यांत सोपी. सोपी म्हणजे काय, ते पुढे येईलच.

आता छासष्टाव्या वर्षी मला हे कशाला सुचलं? कारण आमची ताई.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, राहते आमच्याच गल्लीत. आमच्या घराण्यात पत्ते पिसावेत तर ताईने. गड्डीचे दोन भाग करून समोरासमोर धरायची, अंगठ्यांनी भुर्रकन एकमेकांत सोडायची, वर कमान करून पाडायची. मे महिन्यात सगळी भावंडं जमली की बदाम-सात असो, झब्बू असो, मेंढीकोट असो, पिसायला गड्डी ताईकडेच जायची. 'पत्ते कुटणे' हा शब्द आमच्या वडिलांनी कितीही तुच्छतेने उच्चारला तरी ताई पिसायला लागली की तेही वर्तमानपत्र खाली करून बघायचे.

गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू. बोलणं दोनेक महिन्यांत बऱ्यापैकी परत आलं, पायही काठीच्या आधाराने चालू लागला. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच. आमची शनिवार संध्याकाळची मेंढीकोटाची बैठक बंद पडली. तशी ती बंद पडायचं काही कारण नव्हतं. भाऊजींनी सुताराकडून लाकडाची खाच पाडलेली पट्टी करून आणली. तीत तेरा पत्ते उभे राहतात, एका हाताने उचलून टाकता येतात. पिसायला आम्ही तिघं होतोच. आणि काटायचं म्हणाल, तर टेबलावरच्या गड्डीतला निम्मा भाग उचलून बाजूला ठेवणं एका हाताचंच काम आहे. पण ताई बसेना. तिला कुणी आग्रह केला की म्हणायची, "सहा महिने झाले, सगळे मला भागवायला शिकवतायत. डाव्या हाताने जेवून भागव, डाव्या हाताने बटण लावून भागव. निदान पत्ते तरी भागवाभागवीचे नकोत."

यावर आमच्यापैकी कुणाला काही बोलता आलं नाही.

ताईचा नातू पुण्याला शिकतो. दिवाळीला आला तेव्हा पलंगावर लोळत एका हाताने गड्डी काटत बसला होता, मोबाईल बघता बघता. ताई जेवणाच्या खुर्चीतून त्याच्याकडे किती वेळ बघत राहिली, ते मी पाहिलं. तो उजव्याच्या मदतीशिवाय करत होता, आणि ते भागवणं मुळीच दिसत नव्हतं. उलट दोन्ही हात धड असलेल्या माणसाला ते जमत नव्हतं. माझ्या डोक्यात तिथेच आलं की ताईला हे शिकवायचं. पण नातवाची सुट्टी चार दिवसांची, आणि ताई नातवासमोर पत्ते सांडायला तयार होणारी बाई नव्हे. म्हणून आधी मी शिकायचं ठरवलं, आणि तेही डाव्या हाताने. मी उजवाच. म्हणजे तिच्या बोटांना जे जड जाणार, ते माझ्या बोटांना आधी कळणार.

आता कृती सांगतो. गड्डी घेऊनच वाचा.

डावा तळहात वर. गड्डी तळहातावर टेकवायची नाही, बोटांच्या टोकांवर आडवी, उंच धरायची. एका लांब कडेला अंगठ्याचं टोक, समोरच्या लांब कडेला मधलं बोट आणि अनामिका. करंगळी आपल्याकडच्या आखूड कडेला, पत्ते मागे घसरू नयेत म्हणून अडसर. तर्जनी गड्डीच्या पोटाखाली मोकळी. गड्डी आणि तळहात यांच्यामध्ये अख्खी सुपारी सहज मावली पाहिजे. पुढची निम्मी लढाई या सुपारीएवढ्या जागेची आहे.

अंगठा जरासा सैल केला की खालचा निम्मा भाग सुटून तळहातात उतरतो. वरचा भाग अजून अंगठा आणि बोटांच्या टोकांत धरलेला. मग तर्जनी तळहातातल्या भागाला खालून उचलते आणि त्याची बोटांकडची कड अंगठ्याच्या दिशेने वर ढकलते. तो भाग तळघराच्या झाकणासारखा उभा होत जातो. त्याची कड वरच्या भागाच्या पोटाला घासत घासत अंगठ्यापर्यंत पोहोचते आणि त्याच्या कडेवरून निसटते. त्याच क्षणी वरचा भाग आधार सुटून खाली उतरतो. अंगठा उभ्या भागाला वरून पाडतो, तर्जनी मधून निघून बाजूला होते, बोटं मिटतात. झालं.

लिहायला दहा ओळी लागल्या, बघायला एक सेकंद लागतो. शिकायला मला पाच आठवडे लागले, रोज पंधरा मिनिटं.

सराव पलंगावर, गादीवर हात धरून करावा. पन्नाशी उलटलेल्या माणसाने फरशीवर पत्ते पाडू नयेत. पाठीपेक्षा गादी बरी. पहिल्याच दिवशी बावन्न पत्ते घेऊ नयेत, पंचवीस-तीस पुरेत. आणि पत्ते कोणते, याला फार महत्त्व आहे. नातवाचे पत्ते अमेरिकन, 'बाइसिकल' छापाचे. हा छाप 1885 पासून चालत आलाय. त्यांची रुंदी साधारण 63 मिलिमीटर. दिसायला झकास, पण माझा पंजा त्यांना अपुरा पडायचा. अरुंद जातीचे, ज्यांना ब्रिजचे पत्ते म्हणतात, ते 57 मिलिमीटर रुंद असतात. सहा मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण झाकण उभं राहून अंगठ्याखालून निसटतं की तिथेच अडतं, ते या सहा मिलिमीटरवर ठरतं. घरातली वापरून मऊ झालेली अरुंद जोड सगळ्यांत चांगली. कोरी जोड साबणासारखी निसटते.

अडतं ते नेमकं त्या निसटण्याच्या जागी. खालच्या भागाची कड वरच्या भागाला खालून धडकते आणि दोन्ही भाग एकमेकांत पाचर मारल्यासारखे रुततात. मन म्हणतं, तर्जनीने जोर लावा. जोर लावला की वरचा भाग बोटांतून उडतो आणि खोलीभर दुर्री-तिर्री पसरतात. तिथे जोराने काम होत नाही, जागेने होतं. अंगठा एक सूत बाहेर सरकवायचा, मधलं बोट आणि अनामिका जरा लांब करायची. मग कड आपली आपण निघून जाते.

कानानेही कळतं. नीट काटली गेली तर गड्डी मिटताना एकच मऊ 'टप' येतो. अडखळली तर दोन आवाज येतात, 'खट' आणि मग 'टप'. तिसऱ्या आठवड्यापासून मी रात्री दिवा मालवून सराव करायचो, फक्त आवाजावर. आमची सौ. अंधारात विचारायची, "आता किती खट राहिले?"

आणि वेग. नातू भराभरा करतो म्हणून आपणही भराभर करावं, असं वाटतं. त्याला मी पुण्याला फोन लावून विचारलं, तर तो म्हणाला, "आजोबा, फास्ट केलं की फक्त चूक दिसत नाही. स्मूथ म्हणजे स्लो." पोराने लाखातलं सांगितलं. म्हणून मी उलट मोजायला लागलो. एक काट दहा अंक मोजेपर्यंत पुरवायची. सावकाश करताना प्रत्येक बोट कुठे आळशीपणा करतंय, ते उघडं पडतं. माझी अनामिका तशी निघाली. ती करंगळीला विचारल्याशिवाय काही करतच नाही.

आपल्या सराफ्यात जोशींच्या दहीबड्याच्या दुकानात ज्यांनी रात्री उभं राहून बघितलंय, त्यांना मी काय म्हणतोय ते पटेल. द्रोण हवेत उडतो, त्याला टाळ्या पडतात. पण खरी करामत त्यानंतरची. एकाच चिमटीत घेतलेले निरनिराळे मसाले एकामागून एक, न मिसळता सुटतात. ते कुणी घाईने करत नाही.

एका हाताच्या पत्त्यांचा इतिहास मात्र सज्जनांचा नाही. 1902 साली शिकागोत 'द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल' नावाचं पुस्तक निघालं, लेखक एस. डब्ल्यू. अर्डनेस. हे नाव टोपणनाव मानलं जातं, आणि त्यामागे कोण होता यावर लोक अजून भांडतात. त्यात जुगाऱ्यांच्या हातचलाख्या आहेत, आणि एका हाताने गड्डीचे भाग उलटवण्याच्या युक्त्याही. समोरच्याने गड्डी काटली की लावून ठेवलेला डाव मोडतो. तो कुणाच्या नकळत पूर्ववत करायचा, तर दोन हात हलताना दिसून चालत नाही. आता जी करामत पोरं मिरवतात, तिची भावंडं अशी चोरून वाढली. चोर ती कधी दाखवत नसे. कौशल्य दिसलं की डाव संपला. तेव्हा कुणी उघडपणे एका हाताने पत्ते काटून दाखवले तर त्याच्यावर संशय घेऊ नका, असं माझं मत. अलीकडे या दाखवण्यालाच 'कार्डिस्ट्री' असं नाव मिळालंय. त्यात जादू नाही, जुगार नाही, नुसती पत्त्यांची हालचाल. डॅन आणि डेव्ह बक हे अमेरिकेतले जुळे भाऊ त्यातले मोठे नाव. त्यांचं पाहून आमच्या नातवासारखी पोरं वसतिगृहात गाद्यांवर पत्ते सांडत बसतात.

पण या सगळ्यांत मला सापडलेला माणूस वेगळाच. रेने लावांद. अर्जेंटिनाचा, जन्म 1928 चा. नऊ वर्षांचा असताना मोटारीच्या अपघातात त्याचा उजवा हात गेला. पत्त्यांची सगळी पुस्तकं दोन हातांच्या माणसांनी दोन हातांच्या माणसांसाठी लिहिलेली. याने डाव्या हातापुरतं सगळं नव्याने बसवलं. पिसणं, वाटणं, काटणं, जादू. आधी बँकेत नोकरी करायचा, पुढे त्यातून बाहेर पडून जगभर प्रयोग केले. 2015 मध्ये गेला. त्याच्या चित्रफिती आजही बघायला मिळतात. रिकामी बाही कोटाच्या खिशात, आणि टेबलावर एकटा डावा हात. तो प्रेक्षकांना सांगायचा की हे याहून सावकाश करता येणं शक्य नाही, आणि मग तेच आणखी सावकाश करून दाखवायचा.

ती चित्रफीत मी ताईला दाखवली. स्पॅनिश आम्हा दोघांना ओ की ठो कळत नाही. ताईने पूर्ण पाहिली, परत लावायला सांगितली, आणि मग म्हणाली, "याने कुणाची परवानगी घेतलेली दिसत नाही."

मग मी खिशातून जुनी अरुंद जोड काढली आणि तिच्यासमोर एकदा काटली. दहा अंकांची, सावकाश. एकच 'टप' आला. ती म्हणाली, "आण इकडे."

इथे एक खुलासा करतो, नाहीतर फोन यायला लागतील. हा काही उपचार नाही. तिचा डावा हात धडच आहे. उजव्या हातासाठी फिजिओथेरपीची बाई येते, ती वेगळी, आणि ती सांगेल तेच चालतं. पत्त्यांनी अर्धांग बरं होतं, असं मी म्हटल्याचं कृपया कुणी पुढे पाठवू नये.

शिकवताना मला अपेक्षित होतं की ती त्या निसटण्याच्या जागी अडेल. ती अडली दुसरीकडेच, गड्डी हातात धरण्यात. आपण गड्डी बोटांच्या टोकांवर ठेवताना उजवा हात ती नीट लावून देतो, हे मला तोवर जाणवलंच नव्हतं. करंगळी मागे, अंगठा इथे, असं दुसरा हात बसवून देतो. तिला तो नाही. पहिले दोन दिवस मी लावून दिली. तिसऱ्या दिवशी तिने माझा हात बाजूला केला. गड्डी टेबलाच्या कडेला अर्धी बाहेर काढून ठेवली, खालून हात घातला आणि बोटांनी अलगद वर उचलली. हे नातवालाही माहीत नव्हतं, मलाही. मी आता माझी गड्डी तशीच उचलतो.

चौदा पत्त्यांपासून सुरुवात केली. पत्ते पडायचे ते मांडीवरच्या उशीवर. तिचा अट्टहास असा की पडलेले पत्ते तीच गोळा करणार. एका हाताने चौदा पत्ते गोळा करून कडा जुळवायला तिला काटण्याच्या दसपट वेळ लागायचा. भाऊजी स्वयंपाकघराच्या दारातून बघायचे आणि काही न बोलता परत जायचे. मीही गप्प बसायला शिकलो. सदराच्या विषयात बसेल अशी ही दुसरी विद्या, पण तिची कृती लिहिता येत नाही.

वीस पत्त्यांवर ती तीन आठवडे अडून राहिली. तर्जनीत जोर कमी पडत होता, चौऱ्याहत्तर वर्षांची तर्जनी आहे ती. एक दिवस आम्ही चिडलो, दोघंही. ती म्हणाली, "तुला पाच आठवडे लागले, मला पाच महिने लागतील. तुला घाई असेल तर जा." मी गेलो नाही. तिने चहा मागवला नाही, मी मागितला नाही, आणि अर्धा तास नुसते खट-टप, खट-टप आवाज येत राहिले. संध्याकाळी निघताना एकदाच नुसता 'टप' आला. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मीही चपला घालत राहिलो.

परवाच्या शनिवारी आमची बैठक पुन्हा बसली. बोलावलं तिनेच. मेंढीकोट, ताई आणि मी एका बाजूला, भाऊजी आणि सौ. दुसऱ्या. वाटणी सौ.ची. तिने पत्ते पिसले आणि सवयीने गड्डी ताईपुढे टेबलावर ठेवली, निम्मे उचलून ठेवायला सोयीची म्हणून थोडी तिरकी. ताईने ती सरळ केली आणि सरकवत टेबलाच्या कडेला नेली. अख्खे बावन्न पत्ते. तीसच्या पुढे ती माझ्यासमोर कधी गेली नव्हती.

"वन्सं, राहू द्या ना," सौ. म्हणाली.

"वाटायची घाई आहे का तुला?"

गड्डी वर उचलली गेली. अंगठा सैल झाला, खालचे पत्ते तळहातात आले. झाकण उभं राहू लागलं, आणि अर्ध्यावर थांबलं. भाऊजींचा हात टेबलावरून पुढे निघाला होता, तो त्यांनी चष्मा नीट करण्याकडे वळवला. ताईचा अंगठा एक सूत बाहेर सरकला. किती वेळ गेला ते सांगता येत नाही, पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मग कड निसटली. 'टप' झाला, पण गड्डीच्या मध्यातून एक पत्ता तिरका बाहेर डोकावत राहिला. तिने तो अंगठ्याने आत ढकलला, गड्डी सौ.पुढे ठेवली आणि म्हणाली, "वाट."

कट-हुकूम खेळत होतो. पहिल्या दोन हातांत सगळ्यांनी निमूट किलवर टाकलं. तिसऱ्या हाताला भाऊजींकडे किलवर संपलं, त्यांनी बदामाची सत्ती टाकली आणि बदाम हुकूम झाले. ताईने सुताराच्या पट्टीवरून नजर फिरवली, आणि हसू दाबायला तिला काही जमलं नाही. बदामाची दश्शी तिच्याकडे होती.